मुलानं पेढा का खाल्ला नाही

नमस्कार काका,

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलगा सहावीत आहे. ॲनिमेशनचे सुपरहिरोचे सिनेमे त्याला तोंडपाठ. पोर घरात बसून बघतंय, बाहेर उनाडक्या तर करत नाही, म्हणून मी कधी काही बोलले नाही. पण गेल्या महिन्यात त्यानं वर्गातल्या एका मुलाला ढकललं. तो मुलगा एका बारक्या पोराचा डबा रोज हिसकावून घ्यायचा म्हणे. पडून त्याच्या कोपराला प्लास्टर बसलं. बाईंनी बोलावलं तर हा म्हणतो, "मी बारक्याला वाचवलं. सुपरहिरो पण मारतातच की." सासरे जुने पैलवान, ते म्हणाले, "बरं केलंस." मिस्टर म्हणाले, आजपासून कार्टून बंद.

दुसरं म्हणजे हल्ली तो अभद्र काहीतरी विचारतो. एका माणसाला वाचवलं तर सगळं शहर नाहीसं होणार असेल, तर वाचवायचं का? आणि तो माणूस आपल्या घरातला असेल तर? परवा दिवेलागणीला हेच. मी ओरडले. रात्री उशिरापर्यंत टक्क जागा असतो. हे सगळं त्या स्पायडरमॅनच्या सिनेमापासून सुरू झालंय.

जाता जाता सांगते, मिस्टर पोलिसात आहेत. खात्याची परीक्षा पास झाले, नाशिकचं ट्रेनिंग करून आले आणि जूनमध्ये फौजदार झाले. घरात सगळे खुशीत, आणि ह्यानं पेढ्याला हातसुद्धा लावला नाही. वर विचारतो, "बाबांना परत हवालदार होता येतं का?" सगळे हसले. असा विचित्र झालाय. सिनेमे बंद करू का?

– एक आई

*

ताई,

सिनेमे बंद करू नका. त्याचं कारण पुढं येईलच. त्याआधी तुमच्याच पत्रातल्या तीन गोष्टी एकाखाली एक मांडतो. वडील फौजदार झाले. मुलानं पेढा खाल्ला नाही. मग त्यानं विचारलं, बाबांना परत हवालदार होता येतं का. हे तुम्ही 'जाता जाता' म्हणून लिहिलंय आणि मला सगळं पत्र तिथंच दिसतंय.

सिनेमाचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण प्रश्नावरून ओळखता येतं. 'स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडरव्हर्स'. २०२३ च्या जूनमध्ये आला, मराठीतही आला होता. तुम्ही तो स्वयंपाकघरातून येता-जाता बघितला असणार, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगतो. माइल्स नावाचा ब्रुकलिनचा पंधरा वर्षांचा मुलगा स्पायडरमॅन आहे. वडील पोलिसात. त्यांना बढती मिळून ते दोन दिवसांत कॅप्टन होणार आहेत. वेगवेगळ्या विश्वांतले शेकडो स्पायडरमॅन एकत्र येऊन एक संघटना चालवतात आणि तिचा म्होरक्या मिगेल ओहारा माइल्सला सांगतो, की प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही गोष्टी घडाव्याच लागतात. त्यांना ते 'कॅनन इव्हेंट' म्हणतात. त्यातली एक म्हणजे जवळच्या पोलीस कॅप्टनचा मृत्यू. तो कोणी टाळला तर ते अख्खं विश्व उसवून जातं.

आता पुढचं बघा. मुंबईसारख्याच दिसणाऱ्या 'मुंबॅटन' नावाच्या शहरात पवित्र प्रभाकर हा आपला देशी स्पायडरमॅन आहे. हिंदी आणि पंजाबीत त्याला शुभमन गिलनं आवाज दिलाय, त्यामुळं पोरांचा तो लाडका. त्याच्या मैत्रिणीचे वडील इन्स्पेक्टर सिंग. ते मरणार असतात, माइल्स त्यांना वाचवतो आणि थोड्याच वेळात शहराच्या मधोमध जमीन गिळणारा काळा खड्डा पडतो. म्हणजे तुमच्या मुलानं पडद्यावर काय बघितलं? आपल्यासारखं शहर, आपल्यासारखा खाकी गणवेश, एक इन्स्पेक्टर, आणि तो वाचला म्हणून सगळं गिळायला निघालेला खड्डा. सिनेमाच्या शेवटाकडं ग्वेन या मुलीचे (ती दुसऱ्या एका विश्वातली स्पायडरवुमन) वडील, तेही पोलीस कॅप्टन, तिला सांगतात की मी नोकरी सोडली. तिच्या डोक्यात चटकन प्रकाश पडतो. कॅप्टनच राहिले नाहीत, म्हणजे बाबा वाचले!

आता 'परत हवालदार होता येतं का' हा प्रश्न पुन्हा वाचा.

तुमचा मुलगा विचित्र झालेला नाही. त्यानं सिनेमा नीट बघितलाय, त्यातला नियम समजून घेतलाय, तो आपल्या घराला लावून बघितलाय आणि त्यातून बाहेर पडायची जी एक वाट सिनेमानं दाखवली तीही शोधून काढलीय. हे सगळं एकट्यानं, अंथरुणात, दिवे मालवल्यावर. नियम खोटा आहे हे त्यालाही अर्धंमुर्धं माहीत असणार. पण सहावीतल्या मुलाचं 'माहीत असणं' दिवसा एक आणि रात्री एक असतं. (आपलं तरी काय वेगळं असतं म्हणा.)

तेव्हा आधी भीतीचं बघू, नीतीचं नंतर. बोलायचं ते वडिलांनीच. तुम्ही किंवा सासऱ्यांनी नाही. "वेडा आहेस का, असं काही होत नसतं" हे वाक्य नको. "मला काहीही होणार नाही" हे तर अजिबातच नको. पोलिसाच्या मुलाला ते खोटं आहे हे कळतं, आणि एकदा खोटं पकडलं की पुढचं खरंही तो ऐकत नाही. त्यापेक्षा त्यांनी त्याला आपल्या कामातलं रोजचं सांगावं. गणपतीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला फौजदार एकटा उभा असतो का? जोतिबाच्या यात्रेला किती जणांची तुकडी असते, वायरलेसवर कोण कोणाशी बोलतं, रात्रीच्या नाकाबंदीला कोणाला पुढं करतात, मागं कोण थांबतं. सुपरहिरो एकटा उडी मारतो, पोलीस चार माणसं बोलावून घेतो. एकटेपणानं हिरो मोठा दिसतो, पण माणसं वाचतात ती सहसा दुसऱ्या पद्धतीनं. हे त्याला वडिलांच्या तोंडून कळू दे. आणि मग सरळ म्हणावं, "मी फौजदार झालो म्हणून तुला भीती वाटली का?" एवढं विचारून गप्प बसावं. पोरगं रडलं तर रडू द्यावं.

नाशिकच्या ट्रेनिंगमुळं वडील बरेच दिवस घराबाहेर होते, हेही लक्षात घ्या. मुलाच्या हिशोबात बढतीनं एकदा बाबांना घरातून नेलंच होतं.

हे बोलणं झाल्यावरही झोप येत नसेल, एकट्यानं खोलीत राहायला नको वाटत असेल, शाळेत लक्ष लागत नसेल, तर वाट बघत बसू नका. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पोलिसाच्या घरातून असा फोन करायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. संकोच बाजूला ठेवा.

आता 'अभद्र' प्रश्नाकडं. एकाला वाचवायचं की सगळ्यांना? तुम्ही ओरडलात, ते समजू शकतो. तिन्हीसांजेला घरातल्या माणसाच्या मरणाचं बोलू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण तो प्रश्न त्याला परत विचारू दे, हवं तर सकाळी नाश्त्याला. फक्त तुम्ही उत्तर द्यायची घाई करू नका. 'सगळ्यांना वाचवायचं' म्हणालात तर त्याच्या कानाला ऐकू येईल की आई बाबांना जाऊ देईल. 'बाबांना वाचवायचं' म्हणालात तर त्याला शहर बुडवल्याचा अपराध वाटेल. दोन्ही उत्तरं सिनेमानं आखलेल्या चौकटीतलीच आहेत. चौकटच तपासायला शिकवा. मिगेलला हे कोणी सांगितलं? तो म्हणतो म्हणून खरं का? या माणसानं एकदा दुसऱ्या विश्वातल्या आपल्याच मेलेल्या प्रतिरूपाची जागा घेतली, तिथल्या मुलीचा बाप होऊन राहिला, आणि ते विश्व त्याच्या डोळ्यांसमोर नाहीसं झालं. तेव्हापासून तो सगळ्यांना नियम सांगत सुटलाय. अशा दुखावलेल्या माणसाचा हिशोब बरोबर असेलच असं नाही. मुंबॅटनमधला खड्डासुद्धा नेमका कशानं पडला यावर बघणाऱ्यांत वाद आहेत. इन्स्पेक्टर वाचला म्हणून, की खलनायकानं तिथलं यंत्र चालवलं म्हणून? सिनेमा याचं उत्तर न देताच अधांतरी थांबतो, म्हणजे ज्याला कोडं सुटलेलं नाही असा तुमचा मुलगा एकटाच नाही.

'अमुक एक मेलाच पाहिजे, नाहीतर सगळे मरतील' असं कोणी ठामपणे सांगू लागलं, की त्याला आधी हिशोबाची वही दाखवायला सांगायची. ही सवय तुमच्या मुलाला पुढं सिनेमाबाहेरही उपयोगी पडेल. मला या सिनेमाबद्दल आदर आहे तो याचसाठी. शेकडो शहाण्यासुरत्यांनी मान डोलावलेली असताना एक पंधरा वर्षांचं पोर म्हणतं, मला नाही पटत.

असले प्रश्न अमेरिकेतून आले आणि आपली मुलं बिघडली, असं तुमच्या मिस्टरांना वाटत असेल तर त्यांना आपल्या कोल्हापूरचीच एक गोष्ट सांगा. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट केला. विषय कीचकवधाचा. भीमानं कीचकाला मारण्याचं दृश्य इतकं खरं वाटणारं होतं, की सेन्सॉरनं ते कापायला लावलं. म्हणजे पडद्यावरचा बलवान माणूस आणि त्याची हाणामारी बघून मोठ्यांना धडकी भरणं हे आपल्या गावाला शंभर वर्षांपासूनचं आहे.

आणि ती गोष्ट तरी काय आहे? भीम बल्लव नावाचा आचारी म्हणून विराटाच्या मुदपाकखान्यात लपलेला. ओळख उघडी पडली तर पुन्हा बारा वर्षं वनवास, तोही पाचही भावांना आणि द्रौपदीला. इकडं कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो आणि युधिष्ठिर तिलाच गप्प राहायला सांगतो, कारण हिशोब मोठा आहे. एकीचा अपमान की सगळ्यांचा वनवास? मिगेल आणि युधिष्ठिर यांच्यात इथं फारसा फरक उरत नाही. द्रौपदी त्या हिशोबाला मान देत नाही, रात्री मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते. भीम कीचकाला मारतो, पण नर्तनशाळेत, अंधारात, ओळख न दाखवता. तेवढ्यानं संपत नाही. कीचकाचे भाऊ तिला त्याच्याच चितेवर जाळायला नेतात, भीमाला त्यांनाही मारावं लागतं. आणि कीचकासारखा बलाढ्य माणूस मेल्याची बातमी हस्तिनापुरापर्यंत पोचते, तेव्हा दुर्योधनाच्या गोटात पांडव विराटाकडंच असावेत अशी शंका येते. व्यासांनी बिल कुठंही दडवलेलं नाही. मारलंस ना? मग हे घे, हे आणि हेही.

बहुतेक सुपरहिरोपटांत नेमकं हेच राहून जातं. इमारती कोसळतात, गाड्या हवेत उडतात आणि पुढच्या दृश्यात शहर झाडून-पुसून चकाचक. खर्च कोणी दिला? खाली कोण होतं? म्हणूनच २००४ चा 'द इन्क्रेडिबल्स' मला फार आवडतो. त्यात सुरुवातीलाच सुपरहिरोवर खटला होतो, आणि तो करतो त्यानं वाचवलेला माणूसच! तो जीव द्यायला निघालेला असतो, हिरो त्याला हवेत झेलतो, त्यात त्याला दुखापत होते आणि तो कोर्टात जातो. मागून इतरही खटले येतात. शेवटी सरकार सगळ्या सुपरहिरोंना कामं सोडून साध्या माणसासारखं राहायला लावतं. जो नको म्हणतोय त्याला वाचवायचं का? वाचवताना झालेल्या मोडतोडीचा मालक कोण? २०१९ च्या पुरात गोठ्यातली जनावरं सोडून बोटीत बसायला तयार नसलेली माणसं आपण इथं शिरोळकडं बघितलीत. त्यांची समजूत काढण्यात बचाव करणाऱ्यांचा किती वेळ जात होता! तुमच्या मिस्टरांना त्यातलं काही ठाऊक असेल तर त्यांनी हा सिनेमा लावून मुलाशी गप्पा माराव्यात. पडद्यावर अर्ध्या मिनिटात होणारी सुटका खऱ्या गावात कशी होते, हे त्याला बापाकडून ऐकायला मिळेल.

'बिग हिरो ६' हा २०१४ चा सिनेमा त्यानं बघितलेला असणार, पण तुम्ही त्याच्याबरोबर बसून पुन्हा बघा. हिरो नावाच्या मुलाचा मोठा भाऊ आगीत जातो. भावानं बनवलेला बेमॅक्स हा गुबगुबीत रोबो मुळात माणसांच्या शुश्रूषेसाठी आहे. भावाच्या मृत्यूला जबाबदार माणूस समोर आल्यावर हिरो बेमॅक्सच्या छातीतलं शुश्रूषेचं हिरवं कार्ड काढून टाकतो, लढाईचं लाल तेवढं ठेवतो आणि हुकूम सोडतो, मार त्याला. तिथं थांबा आणि मुलाला विचारा, हिरोचा राग चुकीचा होता का? राग चुकीचा नव्हताच. मग चुकलं काय? पुढं काही सुचवू नका, पोरं स्वतःच बोलायला लागतात.

जाता जाता एक इशारा. ॲनिमेशन म्हटलं की लहान मुलांचं, हा समज सोडून द्या. बॅटमनचा २०१० चा 'अंडर द रेड हूड' एका चांगल्या प्रश्नाभोवती फिरतो. बॅटमन जोकर या खलनायकाला मारत नाही, जोकर सुटून आणखी माणसं मारतो, मग त्या मरणांना जबाबदार कोण? पण तो सुरू होतो तोच एका पोराला लोखंडी पहारीनं बदडण्यापासून. सहावीत तो नको. कुठला सिनेमा कोणत्या वयासाठी आहे ते लावायच्या आधी बघून घ्यायचं, बंदी घालायची असेल तर ती एवढीच. सरसकट बंद केलंत तर तो मित्राच्या मोबाइलवर बघेल, आणि मग पडलेले प्रश्नही मित्रालाच विचारेल.

उरलं कोपराचं प्लास्टर. तुमच्या पत्रात यावर तिघांची तीन मतं आहेत आणि तिन्ही मला अर्धवट वाटतात. बाईंना फक्त मारामारी दिसली. एका मुलाचा डबा रोज वर्गात हिसकावला जात होता, ते त्यांच्या नजरेतून कसं सुटलं, हे तुम्ही शाळेत जाऊन शांतपणे विचारलं पाहिजे. मिस्टरांना कार्टून दिसलं. आणि सासऱ्यांना नातवाची छाती दिसली. सासऱ्यांचं 'बरं केलंस' हे मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण त्यांना यातलं सगळ्यात जास्त कळतं. ज्यांनी लाल मातीत अंग घुसळलंय त्यांना वस्तादानं पहिल्या वर्षी काय सांगितलं असेल? तालमीतली ताकद गल्लीत काढायची नाही. खासबागेच्या मैदानात जोड लावताना वजन बघतात, तयारी बघतात, पंच असतो, चितपट झाली की कुस्ती सुटते. पडलेल्याला कोणी मारत नाही. ताकदीला एवढी सगळी कुंपणं घातलेली असतात, म्हणून तर बाया-पोरं निर्धास्त बसून कुस्ती बघतात. तुमच्या मुलानं बारक्याची बाजू घेतली, याचं कौतुक व्हायलाच पाहिजे, अगदी मोकळ्या मनानं. पण ढकलण्याआधी त्यानं कोणाला सांगितलं होतं का? बारक्याला विचारलं होतं का? डबा परत मिळाल्यावर हात थांबला, की त्यानंतर ढकललं? हे प्रश्न आजोबांनी विचारावेत. स्पायडरमॅनचा दाखला देणाऱ्या पोराला बापाची बंदी लागू पडणार नाही, पैलवान आजोबांचा शब्द पडेल. त्याच्या ओळखीतला अंगात खरी ताकद असलेला माणूस तोच आहे.

त्या बारक्या मुलाचं काय झालं, हे तुमच्या अख्ख्या पत्रात कुठंच नाही. ज्याला वाचवलं तोच गोष्टीतून गायब, हाही सुपरहिरोपटांचाच गुण. चौकशी करा. आता त्याला सुखानं जेवता येतंय, की ढकलल्याचा वचपा त्याच्यावर निघतोय?

आणि प्लास्टरवाल्या मुलाच्या घरी जा. मुलाला घेऊन जा, फौजदारांनी साध्या कपड्यात यावं, गणवेशात नको. दवाखान्याचा खर्च विचारा आणि निम्मा तरी द्या. ते नको म्हणतील, तरी एकदा आग्रह करा. माफी मुलानं मागायची, पण ढकलल्याची. बारक्याची बाजू घेतल्याची नाही. हा फरक त्याला जायच्या आधी घरातच समजावून सांगा, नाहीतर तिथं तो गोंधळेल. तो मुलगा डबा का हिसकावत होता, हेही गेल्यावर कदाचित कळेल. घरी डबा करून द्यायला कोणी नसेल, असंही असू शकतं. तसं निघालं तर काय करायचं ते तुमच्या मुलालाच ठरवू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. सासऱ्यांनाही बरोबर न्या.